पंचगंगेच्या काठची घरशाळा

प्रस्तावना



मुक्त शाळेचे विद्यार्थी म्हणून तुमचा बराचसा अभ्यास घरीच होतो. कोणी दुकान सांभाळून अभ्यास करतो, कोणी मूल निजल्यावर पुस्तक उघडते. काही घरांत तर आईवडील स्वतःच मुलांना शिकवतात आणि परीक्षेपुरते बाहेर पाठवतात. अशा मुलांना शेजारीपाजारी हमखास विचारतात, ‘‘शाळेत का नाही घातलं?’’ शाळेची इमारत, घंटा आणि फळा यांच्यावाचून शिक्षण होत नाही, ही समजूत त्या प्रश्नामागे असते.

प्रस्तुत पाठात आपण अशा एका वस्तीत जाणार आहोत, जिथे कित्येक पिढ्या घर हीच शाळा होती आणि वडील हेच गुरू. ही वस्ती महाराष्ट्रात नाही. ती वाराणसीत, पंचगंगा घाटाच्या आसपास आहे. परंतु तिथल्या पुष्कळ घरांची भाषा मराठी होती. पाठ वाचताना एक प्रश्न मनात असू द्या : घर जेव्हा शाळा होते, तेव्हा त्या घरातल्या कोणाकोणाला शिकायला मिळते?

पाठ

पंचगंगा म्हटले की आपल्याला कोल्हापूरची नदी आठवते. काशीची पंचगंगा ही नदी नव्हे, तो घाट आहे. गंगा, यमुना, सरस्वती, धूतपापा आणि किरणा असे पाच प्रवाह येथे एकत्र येतात, अशी श्रद्धा आहे. डोळ्यांना मात्र एकटी गंगाच दिसते. घाटाच्या पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत. खालून वर पाहिले की मान मोडून येते. माथ्यावर आलमगीर मशीद आहे. तिथे पूर्वी बिंदुमाधवाचे भव्य मंदिर होते. सतराव्या शतकात, औरंगजेबाच्या काळात, ते पाडले गेले. आजचा बिंदुमाधव जवळच्याच एका घरवजा मंदिरात आहे आणि ते मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधले. घाटावर अहिल्याबाई होळकरांचा दगडी दीपस्तंभ आहे. कार्तिक महिन्यात येथे उंच बांबूंच्या टोकाला टोपल्या बांधून त्यांत आकाशदिवे लावतात. पौर्णिमेला दीपस्तंभ उजळतो, तेव्हा तो पाहायला लांबून माणसे येतात.

घाटाला लागूनच दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट आहेत. पेशवाईत कायगावकर नारायण दीक्षित पाटणकर यांच्यासारखे विद्वान काशीत येऊन राहिले आणि या भागात मराठी कुटुंबांची दाट वस्ती झाली. अरुंद गल्ल्या, दगडी वाडे आणि मधला चौक असे या घरांचे रूप. गल्लीत काशीची हिंदी, चौकात मराठी आणि पाठाला बसले की संस्कृत. या घरांतली मुले तीन भाषांत वाढत आणि एकीतून दुसरीत जाताना त्यांना उंबरठा ओलांडल्याचेही जाणवत नसे. ‘आज’ या हिंदी दैनिकाचे प्रख्यात संपादक बाबूराव विष्णू पराडकर हे १८८३ साली काशीतल्याच एका मराठी घरात जन्मले, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नसते.

पण मराठी पंडितांचे काशीला जाणे पेशवाईच्याही आधीचे आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीत येऊन स्थायिक झाले. त्यांचा मुलगा नारायणभट्ट १५१३ साली जन्मला. तो शास्त्रे शिकला ती वडिलांजवळच. पुढे तो काशीतील पंडितांचा अग्रणी ठरला आणि काशी, प्रयाग व गया या तीन क्षेत्रांवरचा ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ त्याने लिहिला. नारायणभट्टाने आपल्या मुलांना शिकवले, त्या मुलांनी आपल्या मुलांना. या एका घराण्यातून काय काय निघाले ते पाहा. नातू कमलाकरभट्ट याने १६१२ साली ‘निर्णयसिंधु’ पुरा केला. सणवार आणि व्रतांच्या तिथींबद्दल वाद पडला की आजही पंचांगकर्ते त्याचा आधार घेतात. दुसरा नातू नीलकंठभट्ट याचा ‘व्यवहारमयूख’ तर इंग्रजी अमदानीत न्यायालयात जाऊन पोहोचला. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथील हिंदूंच्या वारसाहक्काचे दावे निकालात काढताना न्यायाधीश त्या ग्रंथाला ‘मिताक्षरा’पेक्षाही वरचढ प्रमाण मानत. आणि रामेश्वरभट्टांपासून मोजले तर पाचव्या पिढीचा विश्वेश्वरभट्ट, म्हणजेच गागाभट्ट, १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला उभा होता. या पाचही पिढ्यांची शाळा म्हणजे राहते घर.

हे आपण कौतुकाने लिहितो आहोत असे कोणी म्हणेल. म्हणून एका परक्या माणसाची साक्ष घेऊ. फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य औरंगजेबाच्या काळात हिंदुस्थानात होता. काशीबद्दल त्याने लिहिले आहे, की हे नगर म्हणजे हिंदूंचे जणू विद्यापीठच. पण आमच्याकडच्यासारखी महाविद्यालये किंवा नियमित वर्ग येथे नाहीत. गुरू शहरभर विखुरलेले आहेत, आपापल्या घरांत किंवा शहराबाहेरच्या बागांत शिकवतात. कोणाजवळ चार शिष्य, कोणाजवळ सहा-सात आणि फारच नामांकित गुरूजवळ बारा-पंधरा. शिष्य दहा-बारा वर्षे राहतात आणि अभ्यास सावकाश चालतो. सावकार मंडळींच्या पैशावर शिजणारी खिचडी ते खातात, हेही त्याने नोंदवले आहे. त्याच सुमारास, १६६५ साली, ताव्हर्निए हा जवाहिऱ्या काशीत आला. बिंदुमाधवाच्या मंदिराजवळ, म्हणजे पंचगंगेवरच, राजा जयसिंहाने उभारलेली पाठशाळा त्याने पाहिली. तिथे राजाच्याच मुलांना ब्राह्मण पंडित लिहायला-वाचायला शिकवत होते. दोन्ही प्रकार एकाच घाटाच्या परिसरात होते : राजाने बांधून दिलेली शाळा आणि शाळेचे नावही न घेता चालणारी घरे. राजाची इमारत एका दात्याच्या इच्छेवर उभी होती. घरांना तसा दाता लागला नाही, असे मात्र समजू नका. खिचडीचा पैसा कोठून तरी येतच होता.

● थांबा आणि विचार करा : बर्निएने काशीला ‘विद्यापीठ’ म्हटले, परंतु तिथे महाविद्यालये नाहीत असेही सांगितले. या दोन विधानांत विसंगती आहे असे तुम्हांला वाटते का?

अशा घरातला दिवस कसा जात असेल? काशीचे घाट पूर्वेकडे तोंड करून आहेत. समोरच्या वाळवंटावर उजाडण्यापूर्वी स्नान आटोपायचे आणि संथेला बसायचे. वेदाची संथा ठरलेल्या पद्धतीने चाले : गुरूने एकदा म्हणायचे, शिष्याने दोनदा. स्वर चढला की उतरला हे हाताने दाखवायचे. पोथी समोर नाही. जे काही आहे ते कानात आणि जिभेवर. संहिता पाठ झाली की पद, क्रम, जटा आणि घन. हा काय प्रकार आहे, ते एका साध्या उदाहरणाने पाहू. ‘घाट, नदी, दीप’ असे तीन शब्द घ्या. क्रमपाठात ‘घाट नदी, नदी दीप’ असे म्हणायचे. जटापाठात ‘घाट नदी, नदी घाट, घाट नदी’ असे पुढे, मागे आणि पुन्हा पुढे जायचे. घनपाठात तिसरा शब्दही या गुंफणीत येतो. एखादा शब्द गळाला किंवा त्याने जागा बदलली, तर ही वीण लगेच उसवते आणि चूक पकडली जाते. कागदावाचून मजकूर अचूक राखण्याची अशी युक्ती ज्यांना सुचली, त्यांच्या बुद्धीला दाद द्यायलाच हवी. मात्र या पद्धतीत अर्थ विचारण्याला जागा नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

शास्त्रांचा अभ्यास निराळा. आधी शब्दरूपे आणि ‘अमरकोश’ पाठ करायचा, मग व्याकरणाचा लहान ग्रंथ, मग मोठा. येथे पाठांतर पुरत नसे. ‘पंक्ती लावावी’ लागे. म्हणजे ग्रंथातली एक ओळ घ्यायची, ती कोणत्या शंकेचे उत्तर आहे ते ओळखायचे, त्या उत्तरावर नवी शंका काढायची आणि तिचेही समाधान करायचे. एखादी पंक्ती दोन-दोन दिवस लागत नसे. बर्निएला अभ्यास सावकाश वाटला तो यामुळेच असावा. संध्याकाळी दिवा लागला की धाकट्यांचा परवचा : पाढे, तिथी, वार, नक्षत्रे. हा परवचा महाराष्ट्रातल्या घरांतही होता. तुमच्या आजीआजोबांना विचारून पाहा, पावकी-निमकी अजूनही कोणाच्या तोंडी असेल.

शाळा म्हटली की सुट्टी आलीच. या घरशाळेच्या सुट्टीला ‘अनध्याय’ म्हणत. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या हे नेहमीचे अनध्याय. त्यांखेरीज याज्ञवल्क्यस्मृतीत तात्कालिक अनध्यायांची यादी आहे. ते सदतीस आहेत. कुत्रे, कोल्हे किंवा गाढव ओरडू लागले, धुळीचे वादळ उठले, कोठून दुर्गंधी आली, कोणाचा आर्त आवाज कानी पडला, की तेवढ्या वेळेपुरता पाठ थांबवायचा. आणि या यादीत आणखी एक कारण आहे : घरी शिष्ट माणूस पाहुणा म्हणून आला तर. मला ही यादी मोठी मौजेची वाटते. स्मृतिकारांना ठाऊक होते की ही शाळा चालते ती चार भिंतींच्या आड नव्हे, तर नांदत्या घरात. दार वाजणारच, पाहुणा येणारच, पलीकडे कोणी रडणारच. त्यांनी त्या व्यत्ययांशी भांडण केले नाही. त्यांनाच नियमात बसवून टाकले. घरी मुलांना शिकवणाऱ्या आजच्या पालकांना गॅसवाला, कुरिअरवाला आणि दुपारी अचानक टपकणारे नातेवाईक यांचा अनुभव असेलच.

परंतु एक अडचण कोणत्याही नियमाने सुटत नाही. गुरू रागावला तर शिष्य घरी जाऊन आईच्या कुशीत शिरतो. बापच गुरू असेल तर रागावलेला गुरू रात्री त्याच पंगतीत जेवायला बसतो. पाठ न झाल्याची लाज ताटापर्यंत येते. उलट, मुलाची माया आड आल्याने बापाला त्याची चूक दिसेनाशी होते. घरातल्या घरात शिकलेला मुलगा खरोखर शिकला की नाही, हे ठरवायचे कोणी? काशीने याचे उत्तर घराबाहेर शोधले होते. पंडितांच्या सभा भरत, शास्त्रार्थ होत. विश्वनाथ मंदिरातील मुक्तिमंडपात विद्वान जमत आणि धर्मविषयक तंट्यांवर सह्यांनिशी निर्णयपत्रे देत. तिथे ‘मी अमक्याचा मुलगा’ एवढे सांगून भागत नसे. प्रतिपक्षाची शंका निवारावी लागे. भट्ट घराणे पाच पिढ्या टिकले, ते बापाने मुलाला शिकवल्यामुळे, हे अर्धेच कारण झाले. त्या मुलाला परक्या माणसाने प्रश्न विचारले, हे उरलेले अर्धे. तुमच्या-माझ्या काळात हे काम परीक्षा मंडळे करतात. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त शाळेने (२००२ पासून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) घरी शिकणाऱ्यांसाठी हेच दार उघडले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात घरी शिकवण्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे अशा पालकांना या दाराचा मोठाच आधार वाटतो.

● थांबा आणि विचार करा : आईवडिलांनी शिकवलेल्या विषयाची परीक्षा दुसऱ्या कोणी घ्यावी, हे तुम्हांला पटते का? का?

आता प्रस्तावनेतल्या प्रश्नाकडे वळू. हे दार सर्वांना उघडे होते का?

पंचगंगेच्या पायऱ्यांविषयी एक आख्यायिका सर्वश्रुत आहे. कबीराला रामानंदांकडून उपदेश हवा होता. विणकराच्या त्या पोराला मठात कोण घेणार? म्हणून पहाटेच्या अंधारात तो या घाटाच्या पायरीवर आडवा झाला. स्नानाला उतरणाऱ्या रामानंदांचा पाय त्याला लागला, त्यांच्या तोंडून ‘राम’ निघाले आणि कबीराने तोच मंत्र मानला. घटना घडली असेल वा नसेल. पण शतकानुशतके लोकांना ती खरी वाटली. विद्या घराच्या आत होती आणि बाहेरच्याला ती मिळवायची तर पायरीवर, अंधारात, अपघातानेच मिळू शकेल, हे सर्वांना ठाऊक होते म्हणूनच ना?

जातीचे दार असे बंद होते. दुसरे बंद दार तर घराच्या आतच होते. संथा चाले त्या चौकालाच लागून स्वयंपाकघर. तिथे काम करणाऱ्या बायकामुलींच्या कानांवर तीच अक्षरे रोज पडत. कित्येकींना ती पाठही झाली असतील. पण त्यांना कोणी संथा दिली नाही. अठराव्या शतकात काशीत नागेशभट्ट काळे नावाचे मोठे मराठी वैयाकरण होऊन गेले. त्यांना मूलबाळ नव्हते. ‘शब्देंदुशेखर’ हा आपला मुलगा आणि ‘मंजूषा’ ही मुलगी, असे त्यांनी आपल्या ग्रंथांविषयी म्हटले आहे. वाक्य हृद्य आहे. ते वाचताना मनात येते, की ग्रंथाला मुलगी म्हणणाऱ्या त्या काशीत खऱ्या मुलींना मात्र ग्रंथ मिळत नव्हते.

एकाच्या अध्ययनाची किंमत दुसऱ्या घराला कशी मोजावी लागे, याचेही उदाहरण आहे. बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी १८९९ साली ज्ञानाच्या ओढीने गोव्यातले घर सोडून निघाले आणि पुणे, ग्वाल्हेर असे करीत काशीला आले. तिथे अन्नछत्रात जेवून, पंडितांच्या पायाशी बसून ते संस्कृत शिकले. त्या हालअपेष्टा ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी प्रांजळपणे लिहिल्या आहेत. मागे गोव्यात त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी होती. त्या वर्षांचे निवेदन पत्नीने लिहिले असते तर ते कसे झाले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

हे आतले दार उघडण्याचे धाडस त्याच परंपरेत वाढलेल्या एका शास्त्र्याने केले. ते काशीचे नव्हते. अनंतशास्त्री डोंगरे हे मूळचे कर्नाटकाकडचे, विद्यार्थिदशेत पुण्याला रामचंद्रशास्त्र्यांजवळ शिकत होते. हे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात त्याच्या पत्नीला संस्कृत शिकवायला जात. एका स्त्रीच्या तोंडून श्लोक ऐकून या विद्यार्थ्याला आश्चर्य वाटले. त्याच क्षणी त्याने ठरवले, की आपणही आपल्या पत्नीला शिकवायचे. घरी परतल्यावर त्याने प्रयत्न केला, पण वडीलधाऱ्यांनी तो चालू दिला नाही. पहिली पत्नी वारली. पुढे गोदावरीकाठी तीर्थयात्रेत एका गृहस्थाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली. अनंतशास्त्री तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. त्या काळी याबद्दल त्यांना कोणी दोष दिला नाही. दोष दिला तो त्या मुलीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवले म्हणून. धर्मसभेपुढे उत्तर द्यावे लागले, तेव्हा त्यांनी शास्त्रवचनेच पुढे ठेवली. अखेर गावाचा जाच नको म्हणून ते गंगामूळच्या रानात राहायला गेले. तिथे विद्यार्थी येऊन राहू लागले आणि रानातले घर पाठशाळा झाले.

तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. त्या शिकण्याच्या वयाच्या झाल्या तेव्हा वडील थकले होते. त्यामुळे शिकवण्याचे काम आईकडे आले. या वेळेपर्यंत रान सुटले होते आणि कुटुंब तीर्थोतीर्थी पायी हिंडत होते. आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत रमाबाईंना आईने शिकवले. कोणत्याही शाळेत त्या गेल्या नाहीत. १८७४ साली दुष्काळाच्या दिवसांत थोड्याच अवधीत आईवडील दोघेही गेले. आणि १८७८ साली कोलकात्याच्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली, तेव्हा तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. येथेही परीक्षा घराबाहेरच्यांनीच घेतली, हे ध्यानात घ्या. पुढे १८८९ साली मुंबईत त्यांनी ‘शारदा सदन’ काढले. घरात कोणी संथा दिली नव्हती अशा मुलींसाठी, विशेषतः बालविधवांसाठी, ती शाळा होती.

त्या घरशाळेची वेळ ठरलेली होती. दिवसभर आईला उसंत नसे. स्वयंपाक, आजारी माणसे, आलेगेले, सारे तिच्यावरच. मोकळी वेळ एकच होती, पहाटेची. आई अंधारातच उठवी, लाडाच्या शब्दांनी जागे करी. झोपेने जड झालेली मुलगी आईच्या मिठीतच ओळीमागून ओळ म्हणत जाई. मग झाडांवरची पाखरे बोलू लागत, उजाडे, आणि लक्ष्मीबाई मुलीला बाजूला ठेवून कामाला उठत.

शब्दार्थ

संथा – गुरूने सांगून शिष्याकडून म्हणवून घेतलेला पाठ. अनध्याय – अध्ययन बंद ठेवण्याचा काळ. परवचा – संध्याकाळी मुलांनी पाढे, तिथी इत्यादी म्हणण्याचा परिपाठ. पंक्ती लावणे – ग्रंथातील ओळीचा अर्थ शंकासमाधानासह उलगडणे. अग्रणी – पुढारी, प्रमुख.

स्वाध्याय

१. ‘रागावलेला गुरू रात्री त्याच पंगतीत जेवायला बसतो’ या वाक्यातून घरशाळेची कोणती अडचण व्यक्त होते, ते आपल्या शब्दांत लिहा.

२. कबीराची आख्यायिका लेखकाने ‘घडली असेल वा नसेल’ असे म्हणूनही पाठात का घेतली असावी?

३. धर्मानंद कोसंबी काशीत असताना गोव्यातील त्यांच्या पत्नीने लिहिलेले एक पत्र कल्पनेने लिहा.

४. तुमच्या घरातील वयाने सर्वांत मोठ्या स्त्रीला विचारा : तुम्हांला पहिले अक्षर कोणी शिकवले आणि दिवसाच्या कोणत्या वेळी? त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून काढा.